गाणी घरोघरी, चित्रपट कोठडीत

भिवंडीची ओळख सांगताना यंत्रमागांचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या, मागांचा अखंड खडखडाट आणि त्यातून उतरणारे कोरे कापड हे या गावाचे अर्थकारण. या मागांवर उभे राहणारे हात मात्र एका प्रांताचे नाहीत. उत्तरेतून आलेला विणकर उर्दू-हिंदी बोलतो, पद्मानगरात तेलुगू ऐकू येते, कोकणी मुसलमानांची स्वतःची बोली आहे आणि भोवतालच्या खेड्यांतील आगरी माणूस आपल्या मराठीत व्यवहार करतो. या सर्वांना समान असे काही असेल तर ते चित्रपटातील गाणे. चहाच्या टपरीवर, मालमोटारीत, मानकोली-राहनाळच्या गोदामांत पहारा करणाऱ्याच्या उशाशी ते वाजतच असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे गाणेही त्यात असते, आणि ज्याचा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी झाला असा तरुण ते गुणगुणत असतो.

परंतु हे गाणे ज्या चित्रपटासाठी जन्मले, तो चित्रपट त्या तरुणाने पाहिलेला नसतो आणि बहुधा पाहायला मिळण्याची शक्यताही नसते. गाणे अमर झाले आणि चित्रपट मेला, असा हा विचित्र प्रकार आहे. रसिकांच्या अभिरुचीला दोष देऊन याचा उलगडा होत नाही. त्यामागे रोकड्या व्यवहाराची कारणे आहेत, आणि ती समजून घेतली तर उपायही फारसा दूर नाही.

गाण्यासाठी चित्रपट

भारतीय बोलपट बोलू लागला तो गातच. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. १९३२ मध्येच प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्याला संगीत देणारे गोविंदराव टेंबे त्यात राजा हरिश्चंद्रही झाले होते. यात नवल नव्हते. संगीत रंगभूमीवर वाढलेला मराठी प्रेक्षक पदांना ‘वन्स मोअर’ देण्यासाठीच तिकीट काढत असे. जे विकले जाते त्याची निर्मिती होते, या न्यायाने बोलपटाने नाटकाची पदे उचलली. मराठी भाषकांची बाजारपेठ लहान म्हणून प्रभातने तोच चित्रपट हिंदीतही काढला. दोन भाषांत दोनदा चित्रण करण्याचा खटाटोप हौसेपोटी झालेला नव्हता. भांडवल परत मिळवण्याचा तो मार्ग होता.

त्या काळी नटाला स्वतःच गावे लागे. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायनाची पद्धत रुजली आणि एक मोठी श्रमविभागणी घडून आली. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. गाणे नटाच्या देहापासून सुटे झाले आणि कालांतराने चित्रपटापासूनही सुटे झाले. तीन मिनिटांची तबकडी गावोगाव जाऊ शकत होती. चित्रपटाची दहा-बारा रिळे मात्र जड, महाग आणि ज्वालाग्राही. पुढे जे घडले त्याचे बीज या फरकात आहे.

सुटे गाणे, अपुरा अर्थ

चित्रपटातून उपटलेले गाणे गोड लागते, पण त्याचा अर्थ बहुधा अपुरा राहतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातील शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग तुकोबांचाच आहे असे समजून जाणकारांनीही तो गाथेत धुंडाळला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. विष्णुपंत पागनीस तो कोणत्या क्षणी गातात हे पाहिले म्हणजे ही गफलत का झाली ते कळते. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये केशवराव भोळे यांनी निराळेच धाडस केले. प्रसंगात जो आवाज प्रत्यक्ष असेल तोच ऐकवायचा, वरून पार्श्वसंगीत घालायचे नाही, असा दंडक त्यांनी पाळला. शांता आपटे यांची त्यातील गाणी नुसती ऐकून या शांततेची कल्पना कशी येणार?

‘माणूस’ (१९३९) मधील शांता हुबळीकर यांचे उद्याची चिंता झटकून टाकणारे गाणे अजूनही महाराष्ट्राच्या ओठांवर आहे. ऐकणाऱ्याला ते आनंदगीत वाटते. वास्तविक ते पोट भरण्यासाठी गाणाऱ्या मैनेचे गाणे आहे. तिच्या दारी नाना प्रांतांचे लोक येतात, म्हणून ती एकाच गाण्यात अनेक भाषांचे तुकडे गाते. ही बहुभाषिकता कौतुकाची म्हणून आलेली नाही. ती गिऱ्हाइकीची आहे. पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसांनी भरलेल्या भिवंडीला हे गाणे चित्रपटासह पाहायला मिळाले, तर त्याची धार वेगळीच जाणवेल.

‘शेजारी’ची गोष्ट

पण भिवंडीने अगत्याने पाहावा असा संगीतपट कोणता, असे विचारले तर उत्तर ‘शेजारी’ (१९४१) हेच द्यावे लागेल. मास्टर कृष्णराव यांचे संगीत, विश्राम बेडेकर यांचे लेखन आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन. प्रभात सोडण्यापूर्वीचा शांतारामांचा हा शेवटचा चित्रपट. त्यातील रात्रीच्या समूहनृत्याचे गाणे शाळांच्या स्नेहसंमेलनांत पिढ्यानपिढ्या बसवले गेले. बसवणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या गाण्याच्या पुढची-मागची कथा ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

कथा साधी आहे. एका गावात जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी जिवलग मित्र आहेत. धरण बांधायला आलेल्या माणसाला गावाची जमीन हवी आहे आणि गावाची एकी ही त्याची अडचण आहे. तेव्हा तो ही मैत्री फोडतो. मने दुरावतात, घरे दुरावतात, आणि अखेर फुटत्या धरणावर दोघे हातात हात घेऊन प्राण सोडतात. मराठी आवृत्तीत केशवराव दाते जिवबा होते आणि गजानन जागीरदार मिर्झा. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा पुन्हा जागीरदारच, आणि हिंदू ठाकूर मात्र मजहर खान. हिंदूने मुसलमान व्हायचे आणि मुसलमानाने हिंदू, ही योजना जाणीवपूर्वक केलेली होती. लाहोरच्या ठरावाला तेव्हा जेमतेम वर्ष होत होते.

या चित्रपटात उपदेशाचे प्रवचन नाही, हे त्याचे मोठेपण. दोन धर्मांच्या माणसांतील वैराच्या मुळाशी जमिनीचा आणि पैशाचा हिशोब कसा असू शकतो, हे तो दाखवतो. १९७० आणि १९८४ अशा दोन दंगली ज्या गावाने सोसल्या, जेथे माणसांबरोबर मागही जळाले, त्या गावाला हा हिशोब परका नाही. आणि त्याच गावाने १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, हेही विसरता येत नाही. ‘शेजारी’ ज्या प्रश्नापाशी थांबतो, तेथून पुढचे उत्तर या गावाने स्वतः शोधले. असा चित्रपट या गावाला दाखवला जात नाही, ही खेदाची बाब आहे.

मोबदला कोणाला?

गाण्यांनी जग जिंकले, पण गाणाऱ्यांचे काय झाले, हाही या इतिहासाचा भाग आहे. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले आणि पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातील पिळवणुकीकडे बोट दाखवले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेला ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) यांनी तमाशापटाची परंपरा उभी केली. त्यांची नायिका हंसा वाडकर यांचे आत्मकथन वाचले म्हणजे त्या यशाची किंमत कोणी मोजली ते समजते. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटाला त्या आत्मकथनाचाच आधार होता.

गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा ‘अलबेला’ (१९५१) याच मालिकेतला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या चालींवर भगवानदादा नाचले, ते कोणत्याही वस्तीतल्या कोणत्याही माणसाला नाचता येईल असे. म्हणून तर कामगारांनी त्यांना आपले मानले. मिळालेली संपत्ती टिकली नाही. २००२ मध्ये दादरच्या चाळीतच त्यांचे निधन झाले. गाणी मात्र आजही प्रत्येक वरातीत वाजतात.

गाण्याला बाजार मिळत गेला, हे खरे. १९५२ मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना दूर लोटले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि जाहिरातींचे उत्पन्नही त्यांच्यामागे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ही चूक सुधारावी लागली. पुढे ध्वनिफीत आली, ती स्वस्त झाली, आणि आता तर गाणे फुकटच मिळते. प्रत्येक टप्प्यावर गाण्याची प्रत काढण्याचा खर्च घटत गेला, म्हणून ते टिकले.

रिळांचे मरण

चित्रपटाचे नेमके उलटे झाले. जुनी नायट्रेट रिळे पेट घेत, म्हणून ती सांभाळणे धोक्याचे आणि खर्चाचे. खेळ संपले की निर्मात्याच्या लेखी ती अडगळ. त्यातच कृष्णधवल फिल्मवर चांदीचा अंश असे. स्मृती म्हणून रिळाला किंमत शून्य, आणि मोड म्हणून मात्र गिऱ्हाईक तयार. अशा वेळी व्यापारी काय करील, ते सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज अस्तित्वात नाही.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे वाचले ते गोळा केले. तरीही जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटची हजारो रिळे नष्ट झाली, आणि त्यांत प्रभातचा ठेवाही होता. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु दुरुस्त केलेला चित्रपट कपाटातून महोत्सवात आणि महोत्सवातून पुन्हा कपाटात जाणार असेल, तर त्याचा लाभ मूठभरांनाच होणार.

येथे कायद्याची एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. ‘संत तुकाराम’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ यांपैकी प्रत्येकाची ही मुदत केव्हाच उलटली आहे. गीतकार-संगीतकारांच्या शब्दसुरांवरील हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. उदाहरणार्थ, ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत अबाधित आहे. तो राखलाच पाहिजे, आणि वारसांना रास्त मोबदला देऊन तो राखता येतो. मात्र एखादी वस्तू कायद्याने सार्वजनिक झाली म्हणून ती सार्वजनिक उपयोगात येतेच असे नाही. सरकारी विहीर खोदली, पण रहाट बसवला नाही, तर पाणी कोणाला मिळणार?

रहाट कोणी बसवायचा?

असा आक्षेप घेतला जाईल की हे चित्रपट भ्रमणध्वनीवर दिसतातच, मग आणखी काय हवे? जे दिसते ते पुष्कळदा फाटके, कापलेले, आवाज घरघरणारे असते. ते पाहून तरुण मुलाचा समज होतो की जुने चित्रपट असेच असतात. दुसरा आक्षेप असा की या जिनसेला मागणीच नाही. पण जी वस्तू बाजारात कधी आलीच नाही तिची मागणी मोजायची कशी? ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ मध्ये पडद्यावर आले तेव्हा, रागदारीवर चित्रपट चालत नाही असे म्हणणाऱ्यांना तरुण प्रेक्षकांनीच उत्तर दिले.

करायचे ते फार अवघड नाही. संग्रहालयाने हक्क संपलेल्या संगीतपटांच्या शुद्ध प्रती शाळा, महाविद्यालये, वाचनालये आणि नगरपालिकांना नाममात्र शुल्कात द्याव्यात. मराठी चित्रपटांना हिंदी, उर्दू, तेलुगू उपशीर्षके द्यावीत. चित्रपट दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि एकदा प्रत तयार झाली की दहा हजारावा प्रेक्षक जवळजवळ विनामूल्य पडतो. सार्वजनिक पैशाचा एवढा किफायतशीर उपयोग क्वचितच सापडेल.

सुरुवात भिवंडीपासून करावी. मागांना सुट्टी असेल त्या दिवशी, एका संध्याकाळी ‘शेजारी’ आणि दुसऱ्या संध्याकाळी ‘पडोसी’ दाखवावा. मराठीच्या खेळाला उर्दू उपशीर्षके असावीत आणि हिंदीच्या खेळाला आगरी गावांतून माणसे यावीत. एकच कथा, एकाच संगीतकाराच्या चाली, दोन भाषा, आणि मिर्झा दोन्हीकडे तोच. मोहल्ला समित्या चालवून दाखवणाऱ्या गावाला एवढे आयोजन जड जाऊ नये. त्यासाठी लागणारी प्रत मात्र गावाला विणता येत नाही. ती ज्यांच्या कोठडीत आहे, त्यांनीच ती बाहेर काढली पाहिजे.