मावशीचा पासपोर्ट

‘‘अगं, ती सोनाली बेंद्रे नाही का गेली न्यूयॉर्कला? आली ना परत बरी होऊन? माझा तर पोटचा मुलगाच तिकडे आहे. मग मी का नको जाऊ?’’

मावशीचा हा प्रश्न 2019 च्या संक्रांतीचा. तिळगूळ वळता वळता तिने तो विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोनालीने जुलै 2018 मध्ये आपल्या कॅन्सरची बातमी स्वतःच जाहीर केली होती आणि न्यूयॉर्कमधले उपचार घेऊन ती डिसेंबरमध्ये मुंबईत परतली होती. त्याआधी 2012 साली मनीषा कोईरालाही न्यूयॉर्कलाच गेली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्याशा गावात मैत्रिणींच्या गप्पांत हेच चाललेलं असायचं. ‘मोठी माणसं बाहेर जातात, म्हणजे खरा इलाज बाहेरच असणार.’

मावशीच्या हाताला गाठ लागली ती गणपतीत. दुखत नव्हती, म्हणून तिने सांगितलं नाही. नवरात्र झालं, दिवाळी झाली. दिवाळीत सून-मुलगा फोनवर म्हणाले, ‘‘आई, आवाज का उतरलाय?’’ तेव्हा कुठे तोंडातून शब्द फुटला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी झाली आणि रिपोर्टात नको तो शब्द आला.

अमेरिकेतला माझा मावसभाऊ हादरला. ‘‘आई, तू काही करू नकोस तिथे. सरळ इकडे ये.’’ लेकराची माया ती, तिला नावं कशी ठेवायची? पण झालं असं, की मावशीचा पासपोर्टच नव्हता. तो काढायचा, मग व्हिसाची तारीख, मग पैशाची जुळवाजुळव. उपचारासाठी अमेरिकेला जायचं तर इथल्या डॉक्टरांचं आजाराबद्दलचं पत्र हवं, तिथल्या डॉक्टरांनी किंवा हॉस्पिटलने खर्चाचा आणि दिवसांचा अंदाज लिहून द्यायला हवा आणि तेवढा पैसा कोण भरणार हेही दाखवायला लागतं. भावाला वाटलं होतं, आईचा प्रवासाचा विमा उतरवला की काम भागेल. पण अशा विम्यात आधीपासून असलेला आजार सहसा धरतच नाहीत. त्याच्या नोकरीच्या विम्यात आईचं नाव बसत नव्हतं. या सगळ्यात दिवाळीची संक्रांत झाली. कागद पुढे सरकत होते आणि गाठ वाढत होती.

शेवटी भावाच्याच एका डॉक्टर मित्राने त्याला विचारलं, ‘‘आईला कशाला आणतोस आधी? आईची स्लाइड फिरू दे की!’’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा फेकून देत नाहीत. तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे अगदी पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्या काचा म्हणजे स्लाइड. कॅन्सरचं निदान ठरतं ते या काचांवर. त्या मागता येतात आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवताही येतात. माणूस घरात बसून राहतो आणि त्याची काच मुंबईला नाहीतर साता समुद्रापार जाऊन येते. आपल्याला मात्र वाटतं, रिपोर्टचा कागद मिळाला म्हणजे सगळं मिळालं.

आम्ही लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घेतल्या आणि मावशीला घेऊन परळला, टाटा मेमोरियलला गेलो. तिथे स्लाइड पुन्हा वाचल्या गेल्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ कुठल्या जातीची हे कळायला तीन तपासण्या लागतात. दोन संप्रेरकांच्या, म्हणजे ईआर आणि पीआर, आणि तिसरी हर-टू. त्या तिन्हींवर कुठली औषधं द्यायची ते ठरतं. आमच्या पहिल्या रिपोर्टात यातली एकही नव्हती! याच नव्या रिपोर्टवर भावाने तिकडच्या एका तज्ज्ञांचंही मत घेतलं. ते म्हणाले, ‘‘मीसुद्धा हीच औषधं दिली असती. फक्त आता उशीर करू नका.’’

परळला रांगेत बसलो होतो तेव्हा आमच्या शेजारी एक बाई होती. मोडक्या हिंदीत बोलत होती. बांगलादेशातून आली होती, नवऱ्याला घेऊन. मेडिकल व्हिसा, कोलकात्यापर्यंतचा प्रवास, मग दोन रात्री रेल्वे. भाषा येत नाही, जेवण रुचत नाही, खोलीचं भाडं परवडत नाही. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, ‘‘हिच्यासाठी हेच परदेश आहे गं.’’ डब्यातली एक दशमी तिने त्या बाईच्या हातावर ठेवली.

जरा वेळाने मावशीने विचारलं, ‘‘मेमोरियल म्हणजे आठवण ना? मग हे कुणाची आठवण?’’

घरी आल्यावर मी शोधलं, आणि ती गोष्टही परदेशी उपचारांचीच निघाली. जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी. त्यांच्या पत्नी मेहरबाई. मोठी धडाडीची बाई. साडी नेसून टेनिस खेळायच्या, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीही त्यांचं नाव होतं. बालविवाहाला आळा घालणाऱ्या 1929 च्या सारडा कायद्यासाठी त्यांनी हिरिरीने काम केलं. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. पैशाला तोटा नव्हता. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, 245 कॅरेटचा ज्युबिली हिरा त्यांच्या गळ्यात होता! पण 1931 साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्या गेल्या. तेव्हा या रोगावर जगात कुठेच इलाज नव्हता. पुढच्याच वर्षी दोराबजीही जर्मनीत वारले.

बायकोसाठी परदेशात जे शोधावं लागलं ते आपल्या देशातल्या माणसांना इथे मिळावं, ही दोराबजींची इच्छा होती. तो हिरा पुढे विकला गेला, पैसा ट्रस्टकडे आला. ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला 80 खाटांचं हॉस्पिटल सुरू केलं. 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ‘‘म्हणजे ती बाई तिकडे गेली, म्हणून आपल्याला जावं लागलं नाही,’’ मावशी म्हणाली. यावर मी काय बोलणार?

आणखी एक गोष्ट तर आपल्या अगदी दाराशी घडलेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या 30 ते 59 वर्षांच्या सव्वा लाखाहून जास्त बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी तो केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. 2009 साली तो अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. आपण बाहेर बघतो आणि बाहेरचे आपल्या बायकांकडून शिकतात!

म्हणून परदेशी जाऊच नये का? तसंही नाही. अगदी दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर असेल, किंवा एखाद्या नव्या औषधाची चाचणी फक्त तिकडेच चालू असेल, तर तिथलं मत जरूर घ्यावं. पण ‘तिकडेच मिळतं’ अशा गोष्टी कमी होत चालल्या आहेत. रक्ताच्या काही कॅन्सरवरची कार-टी सेल उपचारपद्धती आधी बाहेरच मिळायची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या तशाच देशी उपचाराला 2023 मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. एक, रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइड मागा आणि जपून ठेवा. दोन, दुसरं मत कॅन्सरच्याच डॉक्टरांचं घ्या, शेजारच्या काकूंचं नको. तीन, कुठे जायचं याचा विचार चालू असताना डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘‘किती दिवस थांबलं तर चालेल?’’ ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पाळा. चार, खर्चाला घाबरून घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला किंवा समाजसेवा विभागाला विचारा.

मावशीची केमो झाली, ऑपरेशन झालं, मग लाइट दिली. केस गेले, तोंड आलं, चिडचिड झाली. पण संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला तिचं अंगण होतं आणि डबा घेऊन येणाऱ्या शेजारणी होत्या. परक्या देशात, बर्फात, मुलगा-सून कामावर गेल्यावर ती दिवसभर एकटी कशी राहिली असती, हा विचार आजही मनात येतो.

एक गोष्ट मात्र भरून निघाली नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘‘गाठ कधी लागली हाताला?’’ मावशीने खाली मान घालून सांगितलं, ‘‘गणपतीत.’’ डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. तोवर आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. स्तन वाचवता आला नाही. त्यातले दोन महिने लाजेने खाल्ले, बाकीचे पासपोर्टने. अमेरिका दूर होती म्हणून उशीर झाला, असं आम्ही म्हणत राहिलो. खरं तर गणपती ते दिवाळी हे अंतरच सगळ्यात लांबचं होतं, आणि ते घरातल्या घरात होतं.

तो पासपोर्ट वाया गेला नाही. 2024 मध्ये मावशी अमेरिकेला जाऊन आली, नातीच्या बारशाला. बॅगेत डिंकाचे लाडू होते, पाळण्यातलं झबलं होतं आणि तळाशी जुनी फाइलही होती. ‘‘असू दे गं बरोबर,’’ म्हणाली. परत आल्यावर मला फोन केला, ‘‘फाइल उघडावीसुद्धा लागली नाही बघ!’’