टर्नरच्या खिशातली पट्टी आणि 'हलकी' मोगामी

भांडुपला एलबीएस मार्गालगतच्या गाळ्यांत लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या खिशात हमखास एक स्टीलची पट्टी असते. सहा इंची, म्हणजे पंधरा सेंटिमीटर आणि वर जरासं. एके काळी क्रूझर युद्धनौका हलकी की भारी, हे जवळपास एवढ्याच मापावर ठरायचं!

1930 च्या लंडन नौदल तहानं रेघ ओढली: तोफेच्या नळीचा व्यास 155 मिलिमीटरपर्यंत असेल तर क्रूझर हलकी, त्याहून जास्त असेल तर भारी. जहाज किती वजनदार, यावर ही वर्गवारी ठरत नव्हती. मुंबईच्या गोदीनं 1948 पासून तीस वर्षं पाहिलेली 'आयएनएस दिल्ली' अशीच हलकी. सहा इंची तोफा आठ, वजन सुमारे सात हजार टन.

तहानं ठरवून दिलेला भारी क्रूझरचा जपानचा वाटा तर भरलेला होता. मग 1935 मध्ये त्यांनी 'मोगामी' आणली. 155 मिलिमीटरच्या तोफा पंधरा! तीन-तीन नळ्यांचे पाच बुरूज, आणि कागदावर वजन साडेआठ हजार टन. वजन वाचवायला रिव्हेटऐवजी जागोजागी वेल्डिंग केलं, ते सांधे कच्चे निघाले. आमच्याकडचा कुठलाही वेल्डर यावर मान हलवेल.

खरी चलाखी पुढेच. बुरुजांच्या बैठकी पहिल्यापासून अशा आखल्या होत्या, की तहाची मुदत संपली की मोठ्या तोफा चढवता याव्यात. तशा 203 मिलिमीटरच्या दहा चढल्याही. त्या इतक्या लांब, की दुसऱ्या बुरुजाच्या नळ्या पहिल्याला लागू नयेत म्हणून किंचित उचलून ठेवाव्या लागत. नाव मात्र नदीचंच राहिलं. जपानी रिवाजात नद्या हलक्या क्रूझरच्या वाट्याला, डोंगर भारींच्या.

एप्रिल 1942 मध्ये हीच मोगामी बंगालच्या उपसागरात आली आणि तिच्या तुकडीनं व्यापारी जहाजं बुडवली. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत ती आपल्याच बाजूच्या 'मिकुमा' क्रूझरवर आदळली आणि तिचं नाक चेपलं. शत्रूच्या विमानांनी मिकुमा बुडवली, ही वाचली. दुरुस्तीत मागचे दोन्ही बुरूज काढून तिथं अकरा विमानांसाठी डेक टाकला. 25 ऑक्टोबर 1944 ला सुरिगाओच्या लढाईनंतर तीही बुडाली.

आणि त्या जुन्या 'हलक्या' तोफा? मोगामीच्या वर्गातल्या जहाजांवरून उतरवलेले तीन नळ्यांचे बुरूज यामातोवर बसले. जगातल्या आजवरच्या सर्वांत वजनदार बॅटलशिपवर.