नगरची कोरडी हवा आणि रेशमाचे पंख

मॉडेल विमानाचा सांगाडा रेशमानं मढवायचा, तर नगर जिल्ह्यात त्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. ऐन पावसात अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे हे काम काढलं, तर पंखावर लावलेला डोप पांढरट पडणारच. डोप म्हणजे सेल्युलोजचं पातळ लॅकर. त्यातला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर उतरतं. कार्तिकातल्या पारनेर-जामखेडच्या कोरड्या हवेत ही धास्ती फारशी उरत नाही.

हल्ली बहुतेक जण इस्त्रीनं चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म वापरतात. ती सोयीची आहे, यात वाद नाही. पण डोप प्यालेलं रेशीम बाल्सा लाकडाच्या फासळ्यांशी एकजीव होतं आणि पंखाला पीळ पडू देत नाही. तो कणखरपणा फिल्मनं येत नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाचं अंगही डोप दिलेल्या कापडाचंच होतं. सांतोस-द्युमाँच्या 'देम्वाझेल' विमानाचे पंख तर रेशमाचेच.

रेशीम मात्र साधं, विरळ विणीचं हवं. चौरस मीटरला वीस-पंचवीस ग्रॅम भरेल इतकं हलकं. कोपरगाव ओलांडलं की येवला लागतं, पण तिथल्या पैठणीचं घट्ट, भारदस्त पोत इथे कामाचं नाही.

आधी सांगाडा पॉलिशपेपरनं नीट घासायचा. लाकडावरचा बारीकसा उंचवटाही कापडातून डोकावतो. जिथे कापड टेकणार, तिथे डोपचे दोन-तीन हात देऊन वाळवायचे. मग उभा धागा पंखाच्या लांबीत येईल असं, दोन बोटं जास्त रेशीम कापायचं, पाण्यात बुडवून हलकं पिळायचं आणि पंखावर टाकायचं. ओलं रेशीम टोकाच्या गोलाईवरही चुणी न पडता बसतं. मधून कडेकडे हळूहळू ओढत जायचं आणि कडेवरून पातळ डोपचा ब्रश फिरवायचा. तो कापडातून झिरपतो, खालचा वाळलेला थर विरघळवतो आणि कड धरून ठेवतो. वाळलं की पंखावर टिचकी मारा, हलगीसारखा आवाज येतो.

पुढचा डोप निम्मा थिनर घालून. एकाच जागी ब्रश पुन्हापुन्हा फिरवू नये. थेंब आरपार जाऊन आतल्या बाजूला साचतात. पाच-सहा पातळ हात लागतात. उजेडासमोर धरलं की विणीतली छिद्रं बुजली का ते कळतं. डोपमध्ये एरंडेलाचे थोडे थेंब घातले, की तो फार आवळत नाही आणि पुढे तडकत नाही. तरीही प्रत्येक हात वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर दाबून ठेवावा; आवळताना डोप सांगाडा सहज वाकवतो. शेपटीला शक्यतो कमी हात द्यावेत. तिथल्या एका ग्रॅमची भरपाई नाकाशी कितीतरी ग्रॅम घालून करावी लागते.

मिथेनॉलवर चालणारं इंजिन असेल, तर इंधनातलं नायट्रोमिथेन सेल्युलोज नायट्रेटच्या, म्हणजे नायट्रेट डोपला खातं. वरून इंधन सोसणारा थर हवाच. नायट्रेट डोप भडकन पेटतो, म्हणून पणत्या, उदबत्त्या आणि फटाके विझल्याशिवाय डबा उघडूच नये. दारं-खिडक्याही सताड उघड्या ठेवाव्यात.

विमान तयार झालं, तरी नगरमध्ये ते उडवताना जागा पारखावी लागते. 'निशांत' या मानवरहित विमानाच्या 55 अश्वशक्तीच्या वांकेल इंजिनाच्या घडणीत नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा आहे. ही संस्था, लष्करी छावणी आणि के. के. रेंज हे लष्कराचं सराव-मैदान नगरच्या आसपास असल्यानं, मोकळं माळरान दिसलं म्हणून लगेच विमान सोडू नये. आधी सरकारी 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा पाहावा, जागेच्या मालकाला विचारावं, मगच उडवावं.