‘नवीन पोर्टल’ची पंचवीस वर्षं

मोठ्या कंपनीच्या अंतर्गत साइटला, म्हणजे इंट्रानेटला, दर चार-पाच वर्षांनी ‘नवीन पोर्टल’ म्हणायची पद्धत आहे. जुनं पोर्टल त्यानंतरही कुठल्याशा सर्व्हरवर दोन-तीन वर्षं निवांत चालू असतं, कारण रजेचा एखादा अर्ज तिथेच अडकलेला असतो. पुण्यात बसून परदेशी कंपन्यांची अशी पोर्टलं उभी करण्यात आणि गुंडाळण्यात आमच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षं गेली. लोकांना त्रास होतोय म्हणून पोर्टल बदललं, असं त्या काळात फारसं घडलं नाही. बाहेरून कुणीतरी पाठिंबा काढून घेतला की मगच हालचाल व्हायची.

ब्राउझरच्या आधी नोट्स होतं. १९८९ साली आलेलं लोटस नोट्स १९९५ मध्ये अख्ख्या लोटस कंपनीसकट आयबीएमकडे गेलं. त्याच्या अवघड स्क्रीनची आज थट्टा होते, पण त्याची एक खुबी नंतरच्या चकचकीत पोर्टलांना जमली नाही. नोट्समधली माहिती कचेरीतल्या सर्व्हरवर आणि हवी तर स्वतःच्या मशिनवरही उतरून राहायची. लाइन मिळाली की दोन्हीकडचे बदल जुळवले जायचे. मोडेमच्या जमान्यात दूरच्या कचेरीतल्या माणसालाही सर्क्युलर झटकन उघडता यायचं. २०१९ मध्ये आयबीएमने ते एचसीएलला विकलं. काही कंपन्यांत अजून चालू आहे.

पुढचा मुक्काम मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि त्यांचंच पोर्टल उभारायचं सॉफ्टवेअर शेअरपॉइंट, दोन्ही २००१ ची. हजेरी, प्रवासखर्च, खरेदीची मंजुरी हे सगळं त्या एका ब्राउझरच्या लहरी सांभाळत, अ‍ॅक्टिव्हएक्सची ठिगळं लावत लिहिलं गेलं. बाहेर फायरफॉक्स आला, क्रोम आला. ऑफिसात मात्र आयटीवाले ब्राउझर अपडेट करू देत नसत, कारण अपडेट झाला की प्रवासखर्चाचा फॉर्म मरायचा. २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ‘सहा नंबर सोडा’ म्हणून मोहीम काढली. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला. २०२० च्या अखेरीला फ्लॅश गेलं आणि त्याबरोबर प्रशिक्षणाचे ढीगभर धडेही गेले. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला. तरी एज ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ ठेवलाय आणि तो किमान २०२९ पर्यंत सांभाळू, असं मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय. कुणासाठी, ते त्या प्रवासखर्चाच्या फॉर्मला विचारा.

‘जगभरातल्या कर्मचाऱ्यांसाठी एकच पोर्टल’ ही घोषणा मुख्यालयात छान वाटते. शिकागोत रविवारी रात्री दहाला सर्व्हर देखभालीसाठी बंद ठेवायचा, कारण तेव्हा कुणी कामावर नसतं. त्यांच्या उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात सोमवारी सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि पहिली पाळी कधीच लागलेली असते. ‘०४/०३ पर्यंत फॉर्म भरा’ म्हटलं की इकडचे लोक ४ मार्च समजतात आणि अमेरिकेतले ३ एप्रिल. एका पोर्टलवरच्या सुट्ट्यांच्या यादीत थँक्सगिव्हिंग ठळक अक्षरांत होतं आणि गणेश चतुर्थीचा पत्ता नव्हता; ती यादी दुरुस्त करायचा अधिकार पुण्यात कुणालाच दिलेला नव्हता. चीनमध्ये पान अर्धंच उघडायचं, कारण फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून आणि व्हिडिओ यूट्यूबवरून ओढलेले. जर्मनीत वेगळीच गाठ. कर्मचाऱ्याच्या वागण्यावर नजर ठेवू शकेल अशा तांत्रिक साधनाबाबत तिथल्या कायद्याने कामगार परिषदेला सहनिर्णयाचा हक्क दिलाय, त्यामुळे ‘ही सूचना कोणी कोणी वाचली’ एवढं दाखवणाऱ्या बटणासाठीही वाटाघाटीला बसावं लागतं. आम्हाला सुरुवातीला हा अडेलतट्टूपणा वाटला. आज वाटतं, असा प्रश्न विचारणारं कुणीतरी आपल्याकडेही हवं होतं. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला आणि आमच्या होमपेजवरून वाढदिवसांची यादी गेली. खरं सांगायचं तर लोक रोज आवडीने पाहायचे तो तेवढाच कोपरा.

आणि हे सगळं ज्यांच्याकडे कंपनीचा ईमेल आहे त्यांच्यापुरतं. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत मशिनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे बहुतेक वेळा ना ईमेल, ना लॉगिन. त्यावरची ठरलेली तोड म्हणजे कॅन्टीनच्या दाराशी एक कॉम्प्युटर. त्याचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा, आणि विसरलात तर हेल्पडेस्कला ईमेल पाठवायचा! जेवणाच्या अर्ध्या तासात हा खटाटोप कोण करणार? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लाइनीलाइनीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाले. पाळीतला बदल, बसची वेळ, नोटीस बोर्डाचा फोटो, सुपरवायझरचं ‘उद्या सेकंड शिफ्टला या’, सगळं तिथे. ग्रुपवर एचआर सगळ्यात शेवटी आलं. नोकरी सोडून गेलेला माणूस ग्रुपमध्ये तसाच राहतो, हे सुरक्षा विभागाच्या आणखी उशिरा लक्षात आलं. पुढे मोबाइल नंबर आणि ओटीपीने उघडणारी, मराठी-हिंदीत सूचना दाखवणारी अ‍ॅप आली, ती या ग्रुपांची नक्कल करतच. माझ्या मते एवढ्या वर्षांतला खरा बदल हाच, आणि तो कुठल्याही सल्लागाराच्या आराखड्यात नव्हता.

मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली तेव्हा एका कंपनीत घरून काम कसं करायचं याच्या सूचना पोर्टलवर होत्या, आणि पोर्टल फक्त ऑफिसच्या नेटवर्कवर उघडायचं. वर्षानुवर्षं अडलेल्या क्लाउडच्या मंजुऱ्या मग पटापट मिळाल्या. पण क्लाउडवर गेलो म्हणजे सुटलो, असंही नाही. फेसबुकने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘वर्कप्लेस’वर अनेक कंपन्यांनी आपला गावगाडा हलवला, मे २०२४ मध्ये मेटाने ते बंद करणार म्हणून जाहीर केलं आणि पुन्हा बोचकी बांधायची वेळ आली.

आता शोधाशोध एआयकडे गेलीय. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट नोव्हेंबर २०२३ पासून कंपन्यांना मिळू लागला. विचारणाऱ्याला जे जे पाहायची परवानगी आहे ते सगळं तो धुंडाळतो. जुन्या पोर्टलांचा सर्च इतका वाईट असायचा की चुकून सगळ्यांना खुली राहिलेली पगारवाढीची फाइल कुणाला सापडतच नसे. आता ती सापडते. रजेचं जुनं धोरण आणि नवं धोरण एकदमच सापडतात आणि दोन्हींची खिचडी होऊन उत्तर येतं. त्यामुळे हल्ली ‘नवीन पोर्टल’च्या कामातला मोठा वेळ प्रत्येक पानाचा मालक शोधण्यात जातो. पानाच्या तळाशी ज्याचं नाव आहे तो निवृत्त झालेला असतो, दुसरीकडे गेलेला असतो, नाहीतर तो विभागच कंपनीने विकून टाकलेला असतो. अशी पानं काढून टाकावीत, असं आम्ही दरवेळी लेखी सुचवतो. कायदा विभागाकडून उत्तर येतं: तूर्त राहू द्या.