सफरचंद, सीताफळ आणि आच

पावसाळा ओसरून आश्विनातील स्वच्छ ऊन पडू लागले, की उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत सफरचंदांची तोडणी ऐन भरात येते. त्या प्रदेशांतील खेड्यापाड्यांत झाडावरून उतरविलेले फळ त्याच दिवशी चिरले जाते आणि सायंकाळपर्यंत त्याचा केक भट्टीतून बाहेर येतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यालगत वसलेल्या रुआबांधा वसाहतीत असा योग येणे कठीण. सफरचंदाच्या झाडाला फुलोरा येण्यापूर्वी दीर्घ थंडीची गरज असते. बहुतेक प्रचलित जातींना हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालील सुमारे ८०० ते १,२०० तास मिळावे लागतात, तेव्हाच त्यांच्या निद्रिस्त कळ्या जाग्या होतात. दुर्ग जिल्ह्यातील हिवाळा इतका उदार नाही. थोड्या थंडीवर भागविणाऱ्या जाती अलीकडे निघाल्या आहेत हे खरे. त्यांतील ‘एचआरएमएन-९९’ ही जात हरिमन शर्मा या शेतकऱ्याने बिलासपूर येथे तयार केली. मात्र ते बिलासपूर छत्तीसगडातील नव्हे, हिमाचल प्रदेशातील होय.

तेव्हा रुआबांध्याच्या बाजारात येणारे सफरचंद हे प्रवास करून आलेले फळ असते. काश्मीर आणि हिमाचल हे त्याचे मुख्य पुरवठादार. हिमाचलातील कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास लाल ‘डिलिशस’ जातीची रोपे लावली आणि पुढे त्या डोंगराळ भागाचे अर्थकारणच बदलून गेले. सफरचंदाचे मूळ घर मात्र आणखी उत्तरेस, तिएन शान पर्वताच्या उतारांवर आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२९ मध्ये अल्मा-आता शहराजवळील रानात गेले, तेव्हा तेथील रानटी सफरचंदांची विविधता पाहून हेच या फळाचे उगमस्थान असावे, असे अनुमान त्यांनी काढले. आधुनिक आनुवंशिक संशोधनाने त्याला दुजोरा दिला आहे. हे शहर आज कझाकस्तानात असून अल्माटी या नावाने ओळखले जाते.

अल्मा-आता ज्या सोव्हिएत संघात होते, त्याच देशाशी १९५५ च्या फेब्रुवारीत झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. उभारणीच्या त्या वर्षांत सोव्हिएत तज्ज्ञ भिलाईत राहत होते. त्यांच्या देशात सफरचंदाचा जो साधा घरगुती केक केला जातो, त्याला ‘शार्लोत्का’ म्हणतात. त्याची कृती इतकी सोपी आहे, की तीवरूनच भाजण्याचे शास्त्र समजून घेणे सोयीचे होईल.

तीन अंडी आणि दीडशे ग्रॅम साखर एकत्र करून मिश्रण पांढुरके व फेसाळ होईपर्यंत घोटावे. त्यात दीडशे ग्रॅम मैदा हलक्या हाताने मिसळावा. तूप लावलेल्या भांड्यात तीन-चार सफरचंदांच्या फोडी पसरून त्यांवर हे मिश्रण ओतावे आणि १८० अंशांच्या भट्टीत सुमारे पाऊण तास भाजावे. घरात भट्टी नसेल तर महाराष्ट्रीय घरांतून रूढ असलेली युक्ती चालते: कुकरच्या तळाशी जाड मिठाचा थर द्यावा, झाकणाचे रबर व शिटी काढून टाकावी आणि पाणी न घालता मंद आचेवर केक भाजावा. शिटी काढण्यास विसरू नये, कारण येथे वाफ कोंडावयाची नसून उष्ण हवा खेळवावयाची असते.

या केकमध्ये सोडा नाही. घोटताना अंड्यांत कोंडलेले हवेचे बुडबुडे उष्णतेने फुगतात, पाण्याची वाफ त्यांना आणखी ताणते, आणि पीठ व अंडे घट्ट होताच तो फुगवटा कायम होतो. भट्टीत १८० अंश असले तरी केकच्या पोटातील तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. कारण पाणी शिल्लक आहे तोवर जास्तीची उष्णता ते वाफ होण्यात खर्च करते. केवळ वरचा पापुद्रा सुकतो, अधिक तापतो आणि तांबूस होतो. त्या तांबूसपणातच भाजल्याचा सुगंध असतो. झोतभट्टीतून वितळलेले लोखंड सुमारे दीड हजार अंशांवर बाहेर पडते. त्या मानाने ही आच क्षुल्लक, पण फळाच्या नाजूक घडणीला पुरेशी.

सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळते आणि फोड मऊ होते. फार दिवस साठविलेल्या फळात हेच काम थंडपणे, उष्णतेवाचून घडून आलेले असते. अशा फळाचा चावा घेतला की पेशी फुटत नाहीत, नुसत्या सुट्या होतात. रस बाहेर येत नाही आणि फळ भुसभुशीत लागते. असे फळ पुष्कळ घरांतून टाकून दिले जाते. ते योग्य नव्हे. फोडी म्हणून ते केकमध्ये विरघळेल, परंतु शिजवून गाळलेला त्याचा गर उत्तम उपयोगी पडतो.

टणक, ताज्या फळाची गोष्ट वेगळी. त्याच्या फोडी साठ ते पासष्ट अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या, तर मऊ होण्याऐवजी नंतरच्या भाजण्यात त्या अधिक भक्कम राहतात. या तापमानात फळातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, जोमाने काम करू लागते. ते पेक्टिनमध्ये असा बदल घडविते, की फळातील कॅल्शियम त्याचे धागे एकत्र बांधू शकते. हा प्रयोग शाळेतही करण्याजोगा आहे. तापमापक नसला तरी अडत नाही: उकळते पाणी आणि घरातील साधे पाणी समभाग मिसळले, तर मिश्रण साधारण ६२ अंशांवर येते. पाणी भरपूर घ्यावे व भांडे झाकावे, नाहीतर गार फोडी ते लवकर निववतात.

आता सीताफळाकडे वळावे. रुआबांध्याच्या परिसरात शरदात खरोखर ताजे तोडलेले फळ कोणते, असे विचारल्यास उत्तर हेच मिळेल. छत्तीसगडच्या दक्षिणेकडील कांकेर जिल्ह्यात त्याची झाडे रानोमाळ वाढतात. महाराष्ट्रात बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि पुरंदर तालुक्याचेही नाव आहे. सीतेचे नाव धारण करणारे हे फळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. भिलाईतील मराठी घरांत सीताफळ-बासुंदी हा परका पदार्थ नाही.

सीताफळ एकदम पिकते, हा त्याचा मोठा दोष. डोळ्यांमधील खाचा रुंदावून पिवळसर दिसू लागल्या की फळ तोडतात. पुढे दोन-चार दिवसांत ते मऊ होते आणि लगेच उतरते. टोपलीभर फळे हाताशी असली म्हणजे त्यांचाही केक करावा, असे साहजिकच मनात येते. येथेच फसगत होते. सफरचंदाची फोड ज्या साठ अंशांच्या आसपास बळकट होते, त्याच सुमारास सीताफळाचा गर बिघडू लागतो. सुमारे ५५ ते ६५ अंशांपलीकडे तापविलेला गर कडवट होतो, त्याचा पांढरा रंग गुलाबी-तपकिरी होतो आणि सुवास उडून जातो. गरातील कषाय द्रव्ये याला कारणीभूत मानली जातात. केकमधील साखर व लोणी कडवटपणा काहीसा झाकतील. गेलेला सुवास ती परत आणू शकत नाहीत.

उलट दुधाशी सीताफळाचे सख्य असते. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लता वाढली की साकळते. पी-एच मूल्य ४.६ च्या आसपास आले की दूध फाटते. सफरचंदाच्या रसाचे मूल्य साडेतीन-चारच्या घरात असल्याने ते उकळत्या बासुंदीत पडले तर दूध नासण्याचा धोका राहतो. सीताफळात आम्ल फारच कमी. म्हणून एक लिटर दूध आटवून निम्मे करावे, साखर हात राखून घालावी, ते पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच तीन-चार फळांचा गर मिसळावा. “गार झाल्यावर” हा जुन्या जाणत्या स्त्रियांचा आग्रह नुसती सवय नव्हती. ज्या कारणासाठी तो होता, त्याला रसायनशास्त्र आज नाव देते, एवढेच.

गर काढताना मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी पूर्वापार वापरली जाते. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. म्हणून अख्खा गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरविणे धोक्याचे आहे. तो चाळणीवर हाताने घोळून बिया वेगळ्या कराव्यात. अपघाताने पूड डोळ्यांत उडालीच, तर डोळे बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ वैद्याकडे जावे.

जास्तीचा गर लिंबाच्या थोड्या रसासह हवाबंद डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. गोठलेल्या गरात विकरांचे काम पार मंदावते, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमसाठी तो कामी येतो. कच्ची फळे मात्र शीतकपाटात ठेवू नयेत. बारा-तेरा अंशांखाली त्यांची साल काळी पडते व आतला गर धड पिकत नाही. ती धान्यात किंवा गवतात ठेवावीत. पिकण्याची घाई असेल तर शेजारी एक सफरचंद ठेवावे. पिकते सफरचंद एथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्याच्या सहवासात सीताफळ एखादा दिवस आधीच मऊ होते.