मराठी माध्यम का मागे पडले?

निजामाच्या काळी कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तशाही काळात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी केली. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो. मराठीतून शिकून पुढे इथे नोकरी कुठली, हा प्रश्न घरोघर पडला. आम्हा बँकवाल्यांना तर बदलीचीही धास्ती. मुले इंग्रजी शाळेत घातली. मराठी वर्गाचा पट घटला, त्यात आमचाही वाटा आहे. माध्यम बदलणे भागच होते. पण घरी मुळाक्षरे गिरवून घ्यायला कोणाची आडकाठी होती? निदान नातवंडांना रोज अर्धा तास घेऊन बसू या.