लायसनच्या ट्रायलला गाडी किती पळवायची? नुसतं हळू चालवून भागत नाही

जळगाव/धुळे : मोटारसायकलच्या लायसनसाठी ट्रायल द्यायला आलेलं खेड्यावरचं पोरगं बहुतेकदा एकाच गोष्टीची तयारी करून येतं. आठचा आकडा पाय न टेकता काढायचा. तो निघतोही. मग साहेब सांगतात, आता सरळ जा आणि पुढून वळून ये. तिथे मात्र गाडी दुसऱ्या गिअरमध्येच घुरघुरत सायकलच्या चालीनं जाते. हँडल डावीकडे-उजवीकडे हलतं, पाय फूटरेस्ट सोडून खाली लोंबकळतात. घरून निघताना आईनं सांगितलेलं असतं, "हयू चालाड रे भाऊ." पोरगं तेच करत असतं.

पण ट्रायलमध्ये हळू चालवणं म्हणजे नीट चालवणं नव्हे. जिथे हळू पाहिजे तिथे हळू आणि जिथे वेग पाहिजे तिथे वेग, हे जमतं का, ते तिथे बघायचं असतं.

नियमात काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम ट्रायलचा आहे. लर्निंग लायसन काढून किमान ३० दिवस झाल्याशिवाय ट्रायल देता येत नाही, हे त्यातच आहे. उमेदवाराला काय काय आलं पाहिजे, याची लांबलचक यादी पुढे दिली आहे. आरसा नीट करणं, वळण्याआधी इशारा देणं, डाव्या बाजूनं चालणं, चढावर गाडी मागे न घसरू देता थांबवून पुन्हा काढणं, असं बरंच काही. त्यातल्या दोन गोष्टींकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. एक म्हणजे गाडी जागेवरून सुरळीत काढून एकेक करत सगळ्यात वरच्या गिअरपर्यंत नेता आली पाहिजे, आणि गरज पडली की पटकन खालच्या गिअरवर आणता आली पाहिजे. दुसरी, रस्त्यावरच्या वाहतुकीप्रमाणे वेग कमी-जास्त करता आला पाहिजे.

किलोमीटरचा आकडा नियमात कुठेच नाही. इतक्याच वेगानं चालवा असं कोणी सांगणार नाही. पण चार गिअरची गाडी दुसऱ्यावरच फिरवून आणली, तर पुढचे दोन गिअर येतात की नाही हे साहेबांना कसं कळणार?

मैदान लहान असेल तर चौथा पडायला जागा नसते, ते बघणाऱ्यालाही दिसतं. तिथे तिसऱ्यापर्यंत जाऊन नीट खाली आलं तरी हात कळतो. जागा मोकळी असेल तर शंभर सीसीच्या गाडीला ३०-३५ चा वेग अजिबात जास्त नाही.

गाडी हलते का?

दोन चाकांची गाडी तोल सांभाळते ती चालीवर. वेग असला की ती बऱ्यापैकी स्वतःच सरळ राहते. वेग अगदी पडला की तोल सांभाळायचं काम हँडलवर येतं, म्हणून ते सारखं हलवावं लागतं. सायकल शिकताना हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. त्यामुळे घाबरून हळू चालवणाऱ्याची गाडी जास्त डुगडुगते, ती डुगडुगली की तो आणखी घाबरतो आणि आणखी हळू करतो. शेवटी पाय टेकतो.

आठच्या आकड्यात वेग वाढवून चालत नाही, तिथली रीत वेगळी. पहिला गिअर, ॲक्सिलेटर एका जागी थोडा धरलेला, क्लच अर्धा दाबलेला आणि मागचा ब्रेक अगदी हलका. गाडीला इंजिन ओढतं, ब्रेक धरतो, आणि मधल्या मधे ती संथ पण ताठ चालते. नजर चाकाखाली ठेवायची नाही, पुढच्या वळणावर ठेवायची. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते.

सरळ रस्त्यावर आलं की हे सगळं सोडायचं. क्लच पूर्ण सोडा, पाय फूटरेस्टवर घ्या, इंजिनचा आवाज भरला की पुढचा गिअर टाका. साधारण १५ ला दुसरा, २५ च्या आसपास तिसरा, ४० च्या जवळ चौथा, एवढा अंदाज छोट्या गाड्यांना पुरतो. थांबताना आधी ॲक्सिलेटर सोडा, मग दोन्ही ब्रेक मिळून दाबा. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबायची सवय शिवाररस्त्यावर चालून जाते. डांबरावर खडी असली की मागचं चाक तिरपं सरकतं.

अडचण अशी, की बऱ्याच घरच्या गाड्यांची स्पीडोमीटरची केबल कधीच तुटलेली असते. काटा शून्यावर बसलेला. त्या गाडीवर शिकलेल्याला वीस काय आणि चाळीस काय, अंदाजच नसतो. केबल बदलून घेणं सगळ्यात बरं. तोवर मोबाईलवर काम भागतं. मोकळ्या जागी पावलांनी शंभर मीटर मोजा, दोन्ही टोकांना दगड ठेवा आणि कडेला उभं राहून कोणीतरी मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावा. शंभर मीटरला २० सेकंद लागले तर वेग १८, दहा सेकंद लागले तर ३६. मोबाईल कडेच्या माणसाच्या हातात, चालवणाऱ्याच्या नाही.

खरी ट्रायल महामार्गावर

हे नुसतं कागद मिळवण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण लायसन हातात आलं की तेच पोरगं दुधाचे कॅन नाहीतर फवारणीचा पंप घेऊन मोठ्या रस्त्याला लागतं. धुळ्याहून जळगावकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ बघा. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, सगळीकडे गावचे रस्ते येऊन त्याला मिळतात. शेतातून निघालेली गाडी पाच मिनिटांत गुजरातच्या ट्रकांच्या रांगेत असते.

हिशेब करून बघा. मागून ट्रक ६० नं येतोय आणि तुम्ही २५ नं चाललाय. दोघांच्या वेगात ३५ चा फरक. शंभर मीटर मागे असलेला ट्रक दहा सेकंदात तुमच्या पाठीवर येतो. तुम्ही ४५ नं चालला असता तर त्याला २४ सेकंद लागले असते. ड्रायव्हरला बघायला, ब्रेक मारायला, बाजूनं काढायला तेवढा वेळ मिळाला असता. महामार्गाला लागताना थांबून दोन्हीकडे बघायचं, मोठी मोकळीक मिळाली की निघायचं आणि निघालं की रेंगाळायचं नाही, लगेच गिअर वाढवत वेग घ्यायचा. हेच ते "वरच्या गिअरपर्यंत सुरळीत नेणं", जे नियमात लिहिलंय.

याचा अर्थ बुंगाट पळवा असा नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची कमाल मर्यादा आहे. जिथे त्याहून कमीची पाटी असेल तिथे पाटीप्रमाणे. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक मारल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. पाचोटाचा नाहीतर केळीच्या घडांचा ट्रॅक्टर पुढे बिनलाईटचा असला, तर रात्री चाळीससुद्धा जास्त होतात.

ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या परीक्षेत अचानक ब्रेक मारून दाखवावा लागतो, आणि तोही ताशी किमान ५० किलोमीटरचा वेग घेऊन. छोट्या मोपेडला तिथे किमान ३० आहे. संथ चालीत गाडी कोणीही थांबवतं, वेगात असताना ती सरळ थांबते का, ते त्यांना बघायचं असतं. आपल्याकडे असा आकडा नाही, पण सराव करायला कोणी अडवलेलं नाही.

गाडी कोणती न्यायची?

इथे पुष्कळ जण फसतात. घरात स्कूटी असते, ती चालवायला सोपी, म्हणून ट्रायल तिच्यावर देतात. पण बिनगिअरच्या गाडीचं आणि गिअरच्या मोटारसायकलचं लायसन वेगळं असतं. बिनगिअरचं लायसन घेऊन वडलांची स्प्लेंडर चालवली तर ते लायसन त्या गाडीला चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. २५ च्या आत चालणाऱ्या ज्या छोट्या बॅटरीच्या स्कूटरला नंबर लागत नाही, ती तर ट्रायलला कामाचीच नाही.

ऐनवेळी मित्राची गाडी नेऊ नका. काही गाड्यांचे सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींचा पहिला खाली आणि बाकीचे वर. गडबडीत चौथ्याऐवजी पहिला पडला की मागचं चाक जाम होतं. ज्या गाडीवर महिनाभर हात बसवला तीच न्या. तिचा विमा आणि पीयूसी चालू असू द्या. हेल्मेट लागेलच.

शिकण्याच्या काळात पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात 'एल' लावायचा, सोबत पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूस हवा. तो सोडून दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही. म्हणजे लर्निंगवर बहिणीला कॉलेजला सोडणं नियमात बसत नाही. बिनलायसन चालवताना सापडलं तर ५ हजारांचा दंड आहे. पोरगं १८ च्या आतलं असेल तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नापास झालं तर काय, हा प्रश्न सगळेच दबक्या आवाजात विचारतात. सात दिवसांनी पुन्हा ट्रायल देता येते, फी पुन्हा ३०० रुपये. तीन वेळा नापास झालं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशांसाठी ड्रायव्हिंग स्कूलमधून पुन्हा प्रशिक्षण घ्यायची अट आहे. लर्निंग लायसन सहा महिनेच चालतं. कापूस वेचणीच्या गडबडीत ट्रायल पुढे पुढे ढकलत गेलं आणि त्यात दोनदा नापास झालं, की मुदत संपते आणि लर्निंगपासून सगळं परत करावं लागतं. सारथी पोर्टलवर तारीख घेताना लर्निंगवरची शेवटची तारीख आधी बघून घ्या.